पेशंटसमोरची तिवई

मी तिवई बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, खाली बघा. तीन पाय, वर गोल पाट, पाटाच्या कडेला चहाचा एक जुना डाग. हो, तीच मी. सध्या मुक्काम मास्ट्रिख्ट, नेदरलँड्सच्या पार दक्षिण टोकाला, एका दवाखान्यात. बाकीचे सगळे मला स्टूल म्हणतात. तिवई हे नाव कऱ्हाडच्या एका डॉक्टरांनी ठेवलं, आणि तेव्हापासून मी दुसऱ्या नावाला ओ देत नाही.

आधी कुळाचं सांगते, कारण त्या बाबतीत मी जरा चढेल आहे. इथून जवळच्या एका खेड्याच्या चौकात चिनाराच्या जातीचं एक झाड होतं. वादळात ते आडवं झालं आणि गावच्या सुताराने त्याच्या फांदीतून मला घडवलं. सुतार म्हणाला, ही साधीसुधी जात नव्हे. ग्रीसजवळच्या कोस बेटावर असल्याच एका झाडाखाली बसून हिप्पोक्रॅटिस नावाचा वैद्य शिष्यांना शिकवायचा, अडीच हजार वर्षांपूर्वी. आता बेटावर जे झाड दाखवतात ते फार तर पाचशे वर्षांचं, असं शहाणे लोक सांगतात. सांगोत बापडे. कुळ ते कुळ.

सुताराने मला केलं ते गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांसाठी. ते सायकलच्या कॅरिअरला मला बांधायचे आणि घरोघरी पेशंट बघायला जायचे. पलंगाशी मला ठेवायचे, बसायचे, आणि मग तोंड उघडायचे. त्याआधी नाही. उभ्याने विचारलं की आजारी माणूस आपला "बरंय" म्हणून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं.

हिप्पोक्रॅटिसचं मला जे काही ठाऊक आहे ते त्यांच्याकडूनच. त्याच्या आधी माणसाला फेफरं आलं की लोक म्हणायचे देव कोपला. हा म्हणाला, देवाला कशाला मध्ये घेता? तो माणूस खातो काय, पाणी कुठलं पितो, त्याच्या गावात वारा कुठून येतो, ते बघा. रोज बघा, लिहून ठेवा, पेशंट मेला तर तेही लिहा. बघा आणि मग बोला, ही सवय पुढे तत्त्वज्ञ मंडळींनीही उचलली. माणसाच्या मनाबद्दल बोलायचं तर आधी तो माणूस नीट बघावा लागतो, हे त्यांना वैद्यांकडून कळलं, असं आमचे डॉक्टर म्हणायचे. गावचे पाद्री यावर चिडायचे. आजार ही देवाची इच्छा, असं ते म्हणाले की डॉक्टर म्हणायचे, "असेल हो. पण तोपर्यंत पाणी उकळून प्या."

पण त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही हं. शरीरात चार रस असतात आणि त्यांचा तोल गेला की माणूस आजारी पडतो, हा त्याच्या मंडळींचा हिशेब साफ चुकला. आणि पुढच्यांनी काय करावं? त्याची बघायची सवय टाकून दिली आणि चुकलेला हिशेब मात्र दोन हजार वर्षं पाठ केला. तेवढ्यापायी किती जणांचं रक्त काढलं, मोजदाद नाही. मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याचं काम करायचं नाही, ही खोड माणसांची जुनीच.

डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी घर रिकामं केलं आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन पडले. तिथून मला अंबरीशने उचललं. अंबरीश इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आला आणि नोकरी लागून इथेच राहिला. त्याची बायको वृंदा. त्यांच्या घरी माझा उपयोग काय, तर वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायला माझ्यावर चढायचं. जिच्यावर डॉक्टर बसायचे तिच्यावर ओले पाय. मी दातओठ खाल्ले असते, पण असते तर ना.

वृंदा स्वतः डॉक्टर. मिरजेची एम.बी.बी.एस. लग्न करून इकडे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि पाच वर्षांत एकाही पेशंटला तिचा हात लागला नाही. इथे डॉक्टरकी करायची तर डच भाषा शिका, परीक्षांवर परीक्षा द्या. ती एकेक करून सगळ्या पास झाली. राहिली शेवटची, पेशंटशी बोलायची. त्यात पेशंट म्हणून नट बसवतात. पहिल्या खेपेला वृंदा तीत नापास झाली. आणखी एक संधी होती. ती हुकली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ आपल्यात नाही, हे तिने अंबरीशला स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तिचे बाबा तीन महिन्यांसाठी आले. डॉक्टर मनोहर, वय एकाहत्तर, कऱ्हाडात बेचाळीस वर्षं दवाखाना चालवून नुकतेच निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाले, "अरे वा, तिवई. हिच्यावर पाय काय ठेवताय?" आणि त्यांनी मला उचलून आपल्या खोलीत नेलं. माणूस मला तिथेच आवडला.

चहा घेता घेता त्यांनी मुलीला विचारलं, "नापास झालीस म्हणजे? निदान चुकलं?"

"नाही. निदान बरोबर, औषध बरोबर."

"मग?"

"पेशंट म्हणून एक म्हातारी बाई होती. सोबत तिची मुलगी. मी सगळं त्या मुलीला समजावून सांगितलं."

बाबा वाट बघत राहिले. "बरं. मग चुकलं काय?"

"तेच चुकलं, बाबा. म्हातारीशी मी बोललेच नाही."

बाबांना हे काही केल्या पटेना. पेशंट बिचारा घाबरलेला असतो, औषध आणतात नातेवाईक, पथ्य सांभाळतात नातेवाईक, मग बोलायचं त्यांच्याशीच ना? त्यांना वैद्यकाच्या इतिहासाचा नाद. म्हणाले, "अगं, हिप्पोक्रॅटिसच्या शाळेतसुद्धा शिकवायचे, पेशंटपासून बरंच काही लपवावं. हे डच लोक त्याच्यापेक्षा शहाणे झाले का?" वृंदाने चहाचे कप उचलले. माझं मन थोडं खट्टू झालं, कारण आमच्या घराण्याचं नाव मध्ये आलं होतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, हस्तांदोलन बंद, दीड मीटर लांब राहा. बाबांचं परतीचं तिकीट रद्द झालं. आणि महिना संपता संपता बाबांनाच ताप आला. खोकला, अंगदुखी, दोन पावलं टाकली की धाप. मी पलंगाशेजारी उभी, माझ्यावर पाण्याचा तांब्या, थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल, इथले डॉक्टर कशावरही देतात ती गोळी. बाबा त्या गोळ्यांकडे बघून म्हणायचे, "बेचाळीस वर्षं मी माणसांना तीन रंगांच्या गोळ्या आणि एक सुई दिली. आणि माझ्या नशिबी बघा काय आलं."

सहाव्या दिवशी हाउसआर्ट्स घरी आल्या. हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. उंच बाई, पिवळा गाऊन, मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. इथला जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी, तो चढून त्या वर आल्या, खोलीत खुर्ची शोधली, ती नव्हती. मग माझ्यावरचा तांब्या खाली ठेवला आणि बसल्या. किती वर्षांनी कोणीतरी पलंगाशी माझ्यावर बसलं. सुख झालं.

बाबांना इंग्रजी उत्तम येतं, त्यामुळे दोघं इंग्रजीतच बोलले. दारात वृंदा आणि अंबरीश मास्क लावून उभे. बाईंनी तपासलं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, आणि मग शांतपणे विचारलं, "डॉक्टर, आज ठीक आहे. पण अजून बिघडलं, तर तुम्हाला हॉस्पिटलमध्ये जायचंय का? आणि श्वासाचं मशीन लावायची वेळ आली तर तुमची इच्छा काय?"

अंबरीशने जिन्याचा कठडा धरला. वृंदा पुढे आली आणि डचमध्ये भराभरा म्हणाली, "हे त्यांना विचारू नका. बाहेर या, मला विचारा."

बाईंनी मान वळवली नाही. "आजारी ते आहेत," त्या म्हणाल्या, आणि बाबांकडेच बघत राहिल्या.

बाबांनी बोटाचा चिमटा काढून बाईंच्या हातात दिला. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षांत मी हा प्रश्न एकाही माणसाला विचारला नाही."

"आता मी तुम्हाला विचारतेय."

"हॉस्पिटलला हो. ऑक्सिजनला हो. मशीन नको. आणि हे माझ्या मुलीला तुम्हीच सांगा, ती माझं ऐकत नाही."

"ती इथेच उभी आहे."

"म्हणूनच तर मोठ्याने बोललो."

मग त्यांना जरा हुरूप आला. धाप लागत होती तरी म्हणाले, हिप्पोक्रॅटिसची माणसं तर पेशंटपासून लपवायला सांगायची. बाई म्हणाल्या, "रक्त काढायलाही सांगायची. ते आपण सोडलं. बसणं आणि ऐकणं तेवढं ठेवलं." बाबा हसले, हसता हसता खोकले, आणि म्हणाले, "आणि पॅरासिटामॉल?" बाईंच्या चष्म्यावर हसून हसून वाफ धरली.

हॉस्पिटलची पाळी आली नाही. दहाव्या दिवशी ताप उतरला, बाराव्या दिवशी बाबांनी पिठलं मागितलं. वृंदा ताट घेऊन आली आणि माझ्यावर बसली. बाबा दोन घास खाऊन थांबले.

"साधनाला मी विचारलंच नाही गं," ते म्हणाले.

साधना म्हणजे वृंदाची आई. सहा वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेली. काय झालंय ते बाबांना माहीत होतं, वृंदाला माहीत होतं. साधनाताईंना सांगितलं होतं की अल्सर आहे.

"मीही नाही विचारलं, बाबा," वृंदा म्हणाली. "मी तर तिच्यासमोर दिवाळीच्या फराळाच्या याद्या करत बसायचे."

दोघंही रडले. मी कोणाच्या रडण्याला हरकत घेत नाही, माझ्यावर बसून पुष्कळ लोक रडलेत. पण त्या दिवशी मला वाटलं, एखादा पाय वाढवून मी दोघांच्या मध्ये जाऊन बसावं. मग बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पिठलं गार झालं. आणि तू परीक्षेला बस. मी तयारी करून घेतो."

झालं. मे महिन्यात आमच्या परसात शाळा भरली. कुंपणापलीकडे मिया राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. टाळेबंदीत बोलायला माणूस नाही म्हणून कंटाळलेल्या. दीड मीटर अंतर ठेवून त्या पेशंट झाल्या. अंबरीश झाला त्यांचा मुलगा. त्याचं डच म्हणजे आनंदच, पण सतत मध्ये तोंड घालणारा मुलगा त्याने झकास केला. वृंदा माझ्यावर बसून मियांना प्रश्न विचारायची, आणि तिची नजर अंबरीशकडे वळली की बाबा सायकलची घंटी वाजवायचे. पहिल्या दिवशी घंटी चौतीस वेळा वाजली. पलीकडच्या गल्लीत दोघं सायकल येतेय समजून वाट सोडून उभे राहिले.

मियांना हे काम फार मानवलं. रोज नवा आजार. सोमवारी गुडघा, मंगळवारी हृदय, बुधवारी तर त्या जवळजवळ गेल्याच. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" हा इथल्या डॉक्टरांचा लाडका प्रश्न, तो वृंदाने विचारला की त्या गंभीरपणे म्हणायच्या, "मला वाटतं काल जर्दाळूचा व्लाय जास्त झाला." व्लाय म्हणजे इकडची फळांची गोड कचोरी म्हणा, ताटाएवढी. उरलेला तुकडा मग कुंपणावरून आमच्याकडे यायचा, आमच्याकडून चकल्या जायच्या.

वृंदाची खोड अशी सहज जाणारी नव्हती. मिरजेच्या ओपीडीत सकाळी शंभर पेशंट असायचे. जीभ दाखवा, किती दिवस झाले, पुढचा. तिची लेखणी पेशंटचं वाक्य संपायच्या आत चालू व्हायची. बाबांनी एक दिवस ती लेखणीच काढून घेतली. जुलैत घंटी तीनवर आली. ऑगस्टमध्ये खास विमान सुटलं आणि बाबा कऱ्हाडला गेले. जाताना घंटी त्यांनी मियांकडे दिली.

परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एकदाची झाली. ती कशी झाली हे मी बघितलं नाही, मला कोणी नेलं नाही. निकालाचं पत्र आलं तेव्हा वृंदाने ते अंबरीशला वाचायला दिलं आणि स्वतः माझ्यावर बसून भिंतीकडे बघत राहिली. अंबरीश म्हणाला, "तू पास." ती म्हणाली, "पुन्हा वाच." त्याने तीनदा वाचलं. व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "कऱ्हाडात पेढे मी वाटतो, तिकडचं तू बघ." मियांनी कुंपणापलीकडून घंटी वाजवली ती थांबवेनात.

मग वृंदा या दवाखान्यात लागली, एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि मला घेऊन आली. इथे प्रत्येक पेशंटला दहा मिनिटं. प्रत्येक पेशंटनंतर मला औषधाने पुसतात. पुसून पुसून माझं पॉलिश गेलं, चहाचा डाग मात्र हलत नाही. काम छान चाललंय. डच पेशंटशी वृंदा आता अशी बोलते, जशी काही इथेच जन्मली.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. दोन हजार बावीसचा जानेवारी, सगळ्यांच्या तोंडाला अजून मास्क. गौरव नावाचा एक तरुण आईला घेऊन आला. आई प्रमोदिनीबाई, नाशिकच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. आईला खुर्चीत बसवून गौरव वृंदाच्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरं झालं मॅडम, आपलं माणूस भेटलं. आईला पार्किन्सन्स आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी फक्त मला सांगितलंय. गोळ्या मी व्हिटॅमिन म्हणून देतो, पण त्याने तिला मळमळतं. प्लीज, तिला काही कळू द्यायचं नाही. माझ्याशीच बोला."

आणि वृंदा त्याच्याशी बोलायला लागली की हो. मराठी सुरू झाली आणि मिरज परत आली. झोप कशी आहे त्यांची? जेवतात का? चालताना तोल जातो का? गौरव उत्तरं देत होता. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती. चार प्रश्न झाले. परीक्षा पास होऊन काय उपयोग, मी म्हटलं, डच बायांना विचारायचं आणि आपल्या बायांना नाही? घंटी वाजवायला इथे कोणी नव्हतं. मी जिवाच्या आकांताने एकदा कुरकुरले.

माझ्यामुळे असेल, नसेल, पण वृंदा पाचव्या प्रश्नाच्या मध्येच थांबली. "गौरव," ती म्हणाली, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

"मॅडम, पण ती..."

"पाचच मिनिटं."

तो गेला. वृंदाने मला ओढत प्रमोदिनीबाईंच्या समोर नेलं, बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा. तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

बाईंनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग त्यांनी उजवा हात पर्सवरून काढून मांडीवर ठेवला. तो थरथरत होता.

"मला कंपवात आहे," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून माहीत आहे. गोळीच्या पाकिटावरचं नाव मोबाइलमध्ये घालून बघितलं ना मी. व्हिटॅमिन म्हणे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, त्याला वाटतं थंडीमुळे. माझं काही नाही डॉक्टर, वय झालं, होतं एकेक. पण गौरवला कसं सांगायचं तेवढं सांगा. तो फार हळवा आहे हो. त्याला कळलं तर त्याचं कामात लक्ष लागायचं नाही."

वृंदाने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. दहा मिनिटं कधीच संपली होती, बाहेर दोन डच पेशंट घड्याळं बघत होते.

मग ती उठली, दार उघडलं, गौरवला आत बोलावलं. तो खुर्ची शोधायला लागला. वृंदाने त्याचा खांदा धरून त्याला माझ्यावर बसवलं, आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं. आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं. वृंदाला विचारलं.

वृंदाने फक्त त्याच्या आईकडे बोट केलं.

बरं, तो पोरगा पुढे काय बोलला आणि किती रडला ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांचं. माझी एवढीच विनंती. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर मला शोधत मास्ट्रिख्टपर्यंत येऊ नका. स्वयंपाकघरात एखादं स्टूल असेलच. ते उचला, त्या माणसाच्या जवळ ठेवा, बसा, आणि त्यालाच विचारा.